खालची तोटी

कितीतरी दिवसांनी नळाला पाणी आलं आणि मी टाकी भरायला लावून चक्क विसरलो. टाकी वाहून गच्चीभर ओल्या सिमेंटचा वास सुटला, तसा मी मनानं सातवीतल्या गणित स्पर्धेच्या बाकावर जाऊन बसलो.

वरची तोटी टाकी भरते, खालची रिकामी करते. टाकी कधी भरेल? मला ते वाया जाणारं पाणी दिसू लागलं, ऐकूही येऊ लागलं. वेळ संपली तेव्हा कागदावर एवढंच होतं: ‘आधी खालची तोटी बंद करा.’

माझी निवड होईल या आशेनं खुलताबादहून सोबत आलेले वडील फाटकाशी उभे होते. उत्तर ऐकून म्हणाले, "बरोबर हाय की रं! पाणी कशाला सांडायचं?" आणि पाठ थोपटली. तेव्हा वाटलं, त्यांना गणित कळत नाही. आज वाटतं, निकाल त्यांना तिथंच कळला होता.

बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "नापास होऊन वर शाबासकी? तरीच असे झालात!"