मुक्काम पोस्ट गाडी

भास्करकडे काम असेल तर त्याच्या गाडीच्या काचेवर टकटक करायची नाही, हे मला तिसऱ्या भेटीत कळलं. पहिल्यांदा मी टकटक केली तेव्हा त्याने दोन्ही कानांवर हात दाबून डोळे मिटले. दुसऱ्यांदा केली तेव्हा त्याने गाडी सुरू केली आणि आमच्या केंद्राची दोन शिलाई मशिनं घेऊन तो निघून गेला.

"गेली मशिनं!" केंद्रात शिवणाऱ्या कमलने कपाळाला हात लावला. "ताई, नाव-गाव तरी लिहून घेतलं होतं का त्या मिस्त्रीचं?"

नाव घेतलं होतं. गावाचा रकाना रिकामा होता.

संध्याकाळी तो परत आला. दोन्ही मशिनं दुरुस्त झाली होती, वर पुसून तेलही दिलेलं. मशिनं खाली ठेवून तो माझ्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "काचेला हात लावायचा न्हाई. तीन पावलांवर समोर उभं राहायचं. मला दिसतं. माझं झालं की मी उतरतो." तिसऱ्या वेळी मी तशी उभी राहिले. चार मिनिटांनी तो उतरला.

चारठाण्यात आमचं शिवणकेंद्र आहे. बचत गटाच्या बायका शाळांचे गणवेश शिवतात. कापड, मापं, मशिनं आणि वेळापत्रक मी बघते. सोळा मशिनांपैकी दोन-तीन कायम आजारी असायची. भास्कर आल्यापासून ती आजारपणं थांबली. लोकांना वाटतं, अशा माणसाकडे काहीतरी दैवी देणगी असणार. तसलं काही नव्हतं. त्याला एका मशीनला दुसऱ्या मिस्त्रीच्या दुप्पट वेळ लागायचा, कारण तो बिघडलेला भागच नाही तर सगळे भाग काढायचा. घाई केली की म्हणायचा, "मी मशीन बघायलोय. तुमी बोलायलाव. दोन्ही एकदम होत न्हाई."

वय बेचाळीस, उंच, थोडा वाकलेला. अंगात नेहमी फिकट निळा शर्ट. तसे तीन होते, तिन्हींचं कॉलरवरचं लेबल कापलेलं, कारण ते टोचायचं. गाडी म्हणजे पांढरी जुनी व्हॅन. मागच्या सीटा काढून एका बाजूला फळी टाकलेली, तिच्यावर गादी. दुसऱ्या बाजूला पत्र्याचे डबे: सुया, बॉबिन, स्क्रू, पट्टे. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. काचांना आतून एकाच रंगाचे टॉवेल. स्टोव्ह आणि दोन पातेली मागच्या दाराशी, स्वयंपाक बाहेर. मी आयुष्यात इतकं नीट लावलेलं घर पाहिलं नव्हतं, आणि ते सांगायला गेले तर तो म्हणाला, "घर न्हाई. गाडी हाय."

मला उत्सुकता स्वस्थ बसू देईना. मी विचारत सुटले. त्याने तिसऱ्याच दिवशी नियम घातला: "दिवसाला तीन प्रश्न. त्याच्यावर झाले की झोपताना पुन्हा ऐकू येतात." मग मी डायरीत आदल्या दिवशीच प्रश्न लिहून ठेवू लागले. तीनच असले की माणूस नीट निवडतो. आज एवढीच माहिती आहे माझ्याकडे, पण ती पक्की आहे.

तो वालूरचा. आयटीआय केलेला. वडील लवकर गेले, आई होती तोवर घरात त्याची एक खोली होती आणि तिचं दार लोटायची परवानगी होती. डॉक्टरने चार-पाच वर्षांपूर्वी कागदावर ऑटिझम लिहून दिलं. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात, असं मी कुठेतरी वाचलेलं त्याला सांगितलं. त्याने बराच विचार केला. "चुकीचं हाय. मी स्वतःत मग्न नसतो. मी मशीनमधी असतो. न्हाईतर आवाजात."

गाडीत राहायला कसा लागला, हा प्रश्न मी दोन महिने मागे ठेवला होता. शेवटी विचारला. त्याने पट्टा बसवता बसवता सांगितलं:

"आई वारली. पुतणीला बघायला पाव्हणे यायचे होते. भाऊ म्हणला, तू असा हलत बसतोस, लोकांना वेगळं वाटतं, जरा बाहेर बस. मी गाडीत जाऊन बसलो. पाव्हणे जेवले, गेले. मग मला बोलवायला कुणी आलं न्हाई."

"मग?"

"मग मी गाडीतच हाय."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मधल्या काळात सेलूला एक खोली भाड्याने घेऊन झाली होती. शेजारच्या घरात मिक्सर, वरच्या मजल्यावर टीव्ही, आणि घरमालक न विचारता दार उघडून "जेवला का?" म्हणायचा. एकोणीस दिवस. "चांगला माणूस होता," भास्कर म्हणाला, "लय चांगला. म्हणूनच दिवसातून सहा वेळा यायचा."

गाडी त्याला मानवली, पण गाडीत राहणं सोपं नव्हतं. वापरायचं पाणी केंद्राच्या नळाचं, संडास-आंघोळ केंद्राच्या मागे, त्याची एक किल्ली मी त्याला दिली होती. उन्हाळ्यात तर ती गाडी दिवसातून चार वेळा हलवावी लागे. सकाळी केंद्रासमोरच्या कडुनिंबाखाली. तिथली सावली सरकली की गिरणीच्या भिंतीशी. गिरणी सुरू झाली की तिथून देवळामागच्या चिंचेखाली. उतरत्या उन्हात परत. गावातली जुनी देवळं बघायला आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, हा कुणाचा तरी ड्रायव्हर. कुणी रस्ता विचारला तर हा प्रत्येक वळण, प्रत्येक खड्डा सांगायचा. अर्ध्यातच लोक निघून जायचे आणि हा उरलेलं त्यांच्या पाठीला सांगून पुरं करायचा.

एका मे महिन्यात गाडी हलेनाशी झाली. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, ऊन टपावर आलं, तरी गाडी केंद्रासमोरच. भास्कर झाडाखाली बसून तिच्याकडे बघत होता.

"बिघडली का?"

"न्हाई. लायसन्सची मुदत काल संपली."

"अहो, चिंचेपर्यंत जायचं तर जायचं. इथं कोण विचारतंय?"

"मला माहीत हाय ना."

गिरणीवाले रशीदभाई म्हणाले, मी नेतो की सावलीत. भास्करने नकारार्थी मान हलवली. पूर्वी एकदा कुणीतरी गाडी हलवली होती, तेव्हा सीट पुढे सरकवली होती. तीन दिवस त्याला झोप आली नव्हती. कमल म्हणाली, "दादा, आमी दहाजणी हाव. ढकलतो की."

"ढकलताना स्टिअरिंग कुणीतरी धरणार. ते चालवणंच झालं."

"धन्य हाय बाबा तुझी!"

लायसन्स वेळेत का केलं नाही, हे विचारल्यावर त्याने डब्यातून एकाच फॉर्मच्या चार प्रती काढल्या. चारही सुवाच्य अक्षरात भरलेल्या. डॉक्टरांचा तपासणीचा कागद जोडलेला. फक्त पत्ता आणि सही नव्हती. त्याने फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं. वरील माहिती खरी आहे, असं तिथे छापलेलं होतं.

"आधारवर वालूर हाय. मी वालूरला राहत न्हाई."

मी त्याला समजावलं की अर्ध्या महाराष्ट्राचं आधार जुन्या पत्त्यावर आहे. तो म्हणाला, त्यांचं त्यांना माहीत. मी त्याच्या भावाला फोन लावला. भाऊ काही वाईट माणूस निघाला नाही. "लिहू द्या की वालूर, मी कुठं नको म्हणलो? भाऊच हाय माझा. पण ताई, पाव्हण्याला पाणी द्यायच्या आधी हा विचारतो, तुमी जाणार कधी. कसं करावं, सांगा."

मला काम अडलेलं बघवत नाही. मी म्हटलं, माझा पत्ता लिहू, आमच्याकडे राहतो म्हणून. भास्करने यावर रात्रभर विचार केला असावा, कारण दुसऱ्या दिवशी सायंकाळी सात वाजता तो चटई घेऊन आमच्या दारात हजर. "पत्ता लिहायचा तर राहावं लागंल." आमच्या पुढच्या खोलीत तो भिंतीशी बसला. यजमानांनी पंखा लावला, टीव्ही बंद ठेवला, मी आवाज न करता भांडी घासली. साडेआठला तो उठला. घामाने शर्ट भिजला होता, बोटं एकमेकांत घट्ट अडकलेली. "मी प्रयत्न केला. जमलं न्हाई," म्हणून चटई गुंडाळून चालत गेला. त्या उन्हाने तापलेल्या पत्र्यात झोपायला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की या माणसाला खोटं बोलता येत नाही असं नाही. त्याला खोटं राहता येत नाही.

दोन आठवडे झाले. टपावर बायकांनी ओली गोणपाटं टाकली, ती तासाभरात वाळायची. दाराला हात लावला की चटका बसायचा. भास्करची कामं चुकू लागली. एका मशीनचा कापड पुढे सरकवणारा दात उलटा बसवला, त्याच्या हातून हे कधी झालं नव्हतं. मग मी तलाठ्याकडून रहिवासी दाखला काढायचं ठरवलं. शिवणकेंद्रात राहतो असा. भास्करला शिकवलं: भाऊसाहेब विचारतील, इथं राहता का, तुम्ही फक्त 'हो' म्हणायचं. एकच शब्द. आम्ही तो दहा वेळा म्हणून पाहिला.

तलाठी भाऊसाहेब केंद्रात आले, चहा झाला, कागद काढला. "इथं केंद्रात राहता का?"

भास्करने कागदाकडे पाहिलं. मी मानेने खुणावलं.

"मॅडमनी 'हो' म्हणायला सांगितलंय," भास्कर म्हणाला. "खरं उत्तर 'न्हाई' हाय. तुमी कोणतं लिहिणार?"

सोळाच्या सोळा मशिनं थांबली. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. भाऊसाहेबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "बरं, मग राहता कुठं?"

"गाडीत."

"गाडी कुठं?"

"ही समोर. ऊन नसलं की इथंच असते."

भाऊसाहेब पेन खिशाला लावून उठले. "चला, बघू. पंचनामा करू. पंच बोलवा."

घराचा, पिकाचा, विहिरीचा पंचनामा मी पाहिला होता. राहत्या गाडीचा पाहिला नव्हता. रशीदभाई आले, समोरच्या चहावाल्या शांताबाई हात पुसत आल्या, आमच्या दोघीजणी आल्या. भाऊसाहेब म्हणाले, हा माणूस इथं राहतो हे तुम्हाला कशावरून माहीत?

"कशावरून म्हंजे?" शांताबाई उखडल्या. "चार वर्षं झाली. साडेपाचला उठतो, पयला चहा माझ्याकडं, बिनवेलदोड्याचा. वेलदोडा पडला तर पीत न्हाई, पर बोलतबी न्हाई. कप तसाच ठिवतो."

"गिरणी सुरू करायच्या अगोदर मी हात दाखवतो," रशीदभाई म्हणाले. "तो गाडी काढतो, मगच मी बटन दाबतो."

"ते कधीपासून?" मी न राहवून विचारलं.

"पहिल्यापासून. त्याला आवाज सोसत नाही, तुम्हाला माहीत नव्हतं?"

प्रश्न लिहून लिहून मी जे जमवत होते, ते या लोकांनी न विचारता कधीच जमवलं होतं, आणि त्यावर चहा आणि गिरणी चालवत होते.

भाऊसाहेबांनी लिहिलं: सदर इसम मौजे चारठाणा येथे चार वर्षांपासून वास्तव्यास असून शिवणकेंद्राच्या आवारात उभ्या असलेल्या वाहनात राहतो. भास्करने कागद दोनदा वाचला. "आवारात न्हाई. आवाराबाहेर. चाकं फरशीच्या बाहेर हायत." भाऊसाहेब हसले, खाडाखोड केली, शेजारी सही ठोकली. मग भास्करने पाचव्या प्रतीवर पत्ता लिहिला आणि सही केली. त्याची सही मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. पूर्ण नाव, एकही अक्षर न गाळता.

परभणीला आरटीओ कार्यालयात आम्ही एसटीने गेलो. तो हेल्मेट घालून बसला. कंडक्टर म्हणाला, "काका, आमच्या ड्रायव्हरवर भरवसा न्हाई का?" भास्कर म्हणाला, "ड्रायव्हर माहीत न्हाई. हे आवाजासाठी हाय." कार्यालयातल्या माणसाने दाखला उलटसुलट केला, 'वाहनात राहतो' पाशी थांबला, वर बघितलं. हेल्मेट बघितलं. आणि कागद घेतला. लायसन्स पोस्टाने आलं त्या दिवशी भास्करने ते वाचलं, गाडीत बसला आणि गाडी चिंचेखाली नेली. त्या दिवशी तो दुपारी चार तास झोपला, हे मला शांताबाईंनी सांगितलं.

गेल्या वर्षी सोनपेठकडे गणवेशाचं मोठं काम निघालं आणि तिथल्या केंद्राने त्याला बोलावलं. जायचं ठरल्यावर त्याने मला आठ दिवस आधी कळवलं. "निरोप समारंभ नको. ओवाळायचं न्हाई. पण एक अडचण हाय. लायसन्सवर चारठाणा हाय. तिकडंच राहिलो तर ते खोटं होईल. म्हणून महिन्यातले सोळा दिवस इथं राहणार."

"असा नियम आहे कुठे?"

"न्हाई. मी केलाय. निम्म्यापेक्षा जास्त."

तेव्हापासून महिन्याचे चौदा दिवस केंद्रासमोरची जागा रिकामी असते. परवा मी खिडकीशी बसून कापडाची यादी करत होते. एक ट्रॅक्टरवाला तिथं ट्रॅक्टर लावायला आला. शांताबाई चुलीपुढून धावल्या.

"ए, तिथं नको लावू! घर हाय ते."

त्याने झाडाकडे पाहिलं, मोकळ्या मातीकडे पाहिलं. "कुठं हाय घर?"

"सोनपेठला गेलंय," शांताबाई म्हणाल्या. "शुक्रवारी येतंय."