डाग बाहेर

आधीच सांगून टाकतो, मावशींचं आणि माझं पहिली अकरा वर्षं अजिबात पटलं नाही. त्या घडीच्या टेबलावर, मी रोलरवर. आमच्या लॉन्ड्रीत तीन हॉस्पिटलांच्या चादरी येतात, अभ्रे येतात, ऑपरेशनचे हिरवे कपडे येतात. धुऊन, पिळून सगळं माझ्याकडे येतं, मी ते तापलेल्या रोलरमधून काढतो आणि पुढे घडीला पाठवतो. म्हणजे माझं काम संपलं की मावशींचं सुरू. आणि त्यांचं सुरू झालं की माझं डोकं फिरलंच म्हणून समजा.

कारण त्यांची ती खोड. धुऊनही एखादा डाग राहतोच, रक्ताचा, औषधाचा, देव जाणे कशाचा. त्यावर आमच्याकडे सगळ्यांचा एकच उपाय, डाग आत घालून घडी करायची. वरून गठ्ठा पांढराशुभ्र, गाडी रवाना. मावशी मात्र डाग बरोब्बर बाहेर येईल अशी घडी घालायच्या आणि चादर परत धुलाईला ढकलायच्या. की ती पुन्हा माझ्या बोकांडी! मी ओरडायचो, "अहो मावशी, एवढंसं तर आहे, दिसतंय कुणाला?" त्या म्हणायच्या, "ज्याच्या अंगाखाली जाईल त्याला दिसतं, तोफखाना." तोफखाना म्हणजे मी. स्वभावावरून पडलंय नाव, खोटं कशाला बोलू.

अलीकडे तर त्या प्रत्येक चादरीवरून तळवा फिरवत बसायच्या. डागापाशी कापड कडक लागतं म्हणे. मध्येच शेजारच्या पोरीला विचारायच्या, "हे काय गं इथे?" मी चिडवायचो, "मावशी, चादर आहे ती, मांजर नव्हे. किती गोंजाराल?"

तर अशा या बाई एके दिवशी विम्याच्या मागे लागल्या. निमित्त झालं भिजवणीवाल्या काकांचं. त्यांचं अपेंडिक्स फुटलं. ज्या हॉस्पिटलच्या चादरी त्यांनी वीस वर्षं भिजवल्या, तिथल्याच खाटेवरून चौथ्या दिवशी ते उठून घरी आले, टाके ओले असताना. पाचवा दिवस परवडत नव्हता. मावशी त्यांना बघून आल्या. संध्याकाळी मला एवढंच म्हणाल्या, "आपण धुतो त्या चादरीवर आपल्यालाच पाठ टेकता येत नाही. काय म्हणायचं याला?"

पुढच्याच आठवड्यात त्यांनी एका विमावाल्याला गाठलं आणि मलाही ओढत नेलं. का, तर "चष्मा घरी राहिलाय, कागद तू वाच." एकेकट्याने विमा घ्यायचा तर हप्ता केवढा पडतो ते वाचून माझे डोळेच पांढरे झाले. पण विमावाला माणूस बरा निघाला. म्हणाला, "शंभराचा गट करा. दर पार खाली येतो, आणि जुने आजारही पहिल्या दिवसापासून धरतात. मात्र गटात तरणीताठी माणसं भरपूर हवीत, आणि पासष्टच्या वरचं कुणी चालणार नाही. वयासाठी हजेरीपटातली नोंद पुरते." मावशींनी शांतपणे मान डोलावली.

लॉन्ड्रीत आम्ही सत्तर. त्यातले गुडघेवाले, दमेवाले बातमी फुटताच धावत आले. मावशी म्हणाल्या, "आजारी माणूस आपल्या पायाने येतो. धडधाकटाला हाताला धरून आणावं लागतं." आणि जेवणाच्या सुट्टीत त्या मागच्या गोदामात जाऊन बसायला लागल्या. गोदाम आमच्याच मालकाचं, तिथे चाळीसेक हमाल, सगळे विशी-पंचविशीतले. त्यांच्यात एक पैलवान होता, दोन्ही खांद्यांवर दोन गठ्ठे घेऊन जिना चढणारा.

"मला काय धाड भरलीय?" पैलवान म्हणाला.

"नाही ना भरली? म्हणूनच तू हवास बाबा. नुसत्या आजाऱ्यांचा गट कुणाला परवडणार? आज तुझ्यामुळे काकांचा हप्ता उतरेल. उद्या तू म्हातारा झालास की दुसरा एखादा पैलवान तुझा उतरवेल."

"आणि मी म्हातारा झालोच नाही तर?"

"मग त्याआधीच आडवा होशील. तेव्हा तर हमखास लागेल!"

सगळं गोदाम खो-खो हसलं. पैलवानाने सही केली आणि त्याच्यामागून बाकीच्यांनी. तीन आठवड्यांत एकशे दहा माणसं जमली. मी मनात म्हटलं, बाई हट्टी आहे खरी, पण हट्टाला अक्कल आहे.

मग आले फॉर्म. एका रविवारी सगळ्यांनी भरून दिले. सोमवारी मावशींनी गठ्ठा माझ्यापुढे टाकला. "चष्मा राहिलाय. 'पूर्वीचा आजार' या रकान्यात काय काय आहे, वाच."

मी वाचायला लागलो. नाही. नाही. काही नाही. नाही. ठणठणीत. नाही. पंचवीस-तीस झाल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"सगळे असेच?"

"सगळे."

"ही लॉन्ड्री आहे की तालीम? दमेवाल्याचा दमा एका रात्रीत बरा झाला? आणि तू रे? दुपारी जेवणानंतर घेतोस ती गोळी काय लिमलेटची असते?"

माझ्या फॉर्मवरही 'नाही' होतं. मी उसळलो. "लिहून कामावरून जाऊ का? कुणी धापा टाकताना दिसलं की मालक त्याची पाळी तोडतो, तुम्हाला माहीत नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची, मावशी!"

"ती मूठ हॉस्पिटलच्या खिडकीवर उघडावीच लागते. लपवलेलं सापडलं की क्लेम गेला, मग बस बोंबलत." त्यांनी गठ्ठा उचलला आणि घडीच्या टेबलावर चढल्या. होय, चढल्या, त्या वयात. मी रोलर बंद केला. सगळे आ वासून बघत राहिले.

"सवयीप्रमाणे सगळ्यांनी डाग आत घातलाय," मावशी म्हणाल्या. "वरून पांढराशुभ्र. पण ही चादर तुमच्याच अंगाखाली येणार आहे. फॉर्म पुन्हा भरायचे. पाकिटात घालून चिकटवायचे, मालकाच्या हाताला लागणार नाहीत. आणि आधी माझा डाग बघा. हजेरीपटात माझं वय एकसष्ट आहे. ते खोटं आहे. कामाला लागताना मी पाच वर्षं चोरली होती. मी सहासष्टची आहे."

तिथे मला एकट्यालाच माहीत होतं की या एका वाक्याने बाई स्वतःच जमवलेल्या गटातून बाहेर गेली. हजेरीपट चालणार होता. कुणाला कळलं नसतं. मी रागाने खाली मान घातली. राग कुणाचा, ते तेव्हा कळलं नाही. आता कळतं, माझाच.

मालक दारात उभा राहून ऐकत होता. सगळ्यांची पाचावर धारण बसली. तो मावशींकडे बघून म्हणाला, "खाली उतरा आधी, पडाल. वय काय घड्या घालतंय? घड्या तुम्ही घालता." आणि निघून गेला. माणसाला कधी कधी चांगलं वागायची लहर येते.

त्या दिवशी मी पुन्हा फॉर्म भरला. ब्लडप्रेशर, सहा वर्षं. सगळ्यांचं खरं बाहेर आल्यावर दर थोडा चढला, पण पोरांनी तो तोलून धरला. पगारातून महिन्याला कापलं जायचं ते एका साध्या चपलेच्या जोडाएवढं. काका म्हणाले, "एवढंच? मग मी तेव्हा टाके घेऊन का पळालो?"

आठ महिन्यांनी रोलरसमोरच माझ्या छातीत कळ आली. पैलवानाने मला गठ्ठ्यासारखं खांद्यावर टाकलं आणि गाडीत घातलं. नंतर विमा कंपनीचा माणूस चौकशीला आला, जुने कागद मागितले, डॉक्टरांना विचारलं. बायको पदर तोंडाला लावून उभी. हॉस्पिटलच्या कागदात ब्लडप्रेशर, फॉर्मवर माझ्याच अक्षरात ब्लडप्रेशर. त्याने शिक्का मारला आणि बायकोचा जीव भांड्यात पडला.

मी पडून होतो. अंगाखालच्या चादरीच्या कोपऱ्याला आमच्या लॉन्ड्रीचा लाल दोरा होता. चादरीवर एक डाग नव्हता. आणि ज्या बाईने ती माझ्यापर्यंत अशी पोहोचवली, तिला उद्या काही झालं तर चौथ्या दिवशी उठून घरी जायचं होतं. मी रडलो. नर्सला वाटलं, दुखतंय.

विम्याचं वर्ष संपायला आलं तेव्हा मी विमावाल्याकडे गेलो, एकटा. "वयाची अट सत्तर करा," मी म्हटलं. तो म्हणाला, "होईल, पण सगळ्यांचा हप्ता थोडा वाढेल. सगळ्यांच्या सह्या आणा." मी टेबलाटेबलावरून फिरलो. पहिली सही पैलवानाने केली, वर मलाच दम दिला, "हे विचारायला एक वर्ष लागलं होय तुम्हाला?"

मावशींना कळलं तेव्हा त्या माझ्यावर तुटून पडल्या. "माझ्यापायी लोकांच्या खिशाला कात्री लावतोस?"

"लोकांनीच लावून घेतलीय. ओरडू नका, तोफखाना मी आहे." मी फॉर्म त्यांच्यासमोर घडीच्या टेबलावर ठेवला. "पूर्वीचा आजार?"

"नाही. काही नाही. लिहून टाक."

त्यांचा तळवा फॉर्मवरून फिरत होता, चादरीवरून फिरतो तसा, कडक जागा शोधत. मी त्या हाताकडे बघत राहिलो. अकरा वर्षं ओरडलो, मांजर मांजर म्हणून चिडवलं, आणि एवढं माझ्या लक्षात आलं नाही. घडीवालीला दिसत नाही असं कळलं तर मालकाची लहर फिरायला कितीसा वेळ लागणार?

"मावशी," मी हळूच म्हटलं, "पाकीट मी चिकटवणार आहे. डाग बाहेर."

त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं.

"चष्मा कधी नव्हताच रे. तूच लिही. मला ती ओळ दिसत नाही."