मिरची नसलेला खानदेश

मी ज्या कादंबऱ्या लिहिते त्यांना नेमकं काय म्हणायचं, हे माझ्या प्रकाशकालाही अजून ठरवता आलेलं नाही. काळ सुलतानी, गाव तापीकाठचं, किल्ल्यात खून, आणि त्या खुनाचा छडा लावणारी एक रंगारीण. मेलेल्या माणसाचं पागोटं ती निळीच्या माठात बुडवते आणि त्यानं शेवटचं जे पाहिलं ते तिला पाण्यावर दिसतं. किल्लेदाराचा मुनशी शेजारी बसून ते टिपून घेतो. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे. तीन भाग झाले, पण त्यानं तिचा हात एकदाच धरलाय, तोही साप चावला होता म्हणून. पुस्तकांच्या दुकानात माझे हे भाग कधी इतिहासात ठेवलेले असतात, कधी भुताखेतांत. एकदा तर मला ते पाककृतींच्या शेजारी सापडले.

घर धुळ्याला. घरात आम्ही दोघी बहिणी. आई गेली तेव्हा मी चौथीत होते आणि अक्का कॉलेजात. तिनं मला वाढवलं. माझी दहावी, बारावी, नोकरी असं एकेक होत गेलं आणि तोवर तिला स्थळं यायची थांबली. पुढे माझीही थांबली, पण ती माझ्या स्वभावामुळे. अक्का शाळेत शिवण शिकवायची, आता निवृत्त आहे. माझं प्रत्येक प्रकरण आधी ती वाचते. जादूबद्दल तिची कधी तक्रार नसते. मेलेला माणूस माठात दिसतो, दिसू दे. पण रंगारीण वैशाखात गोधडी पांघरून झोपली असं मी एकदा लिहून बसले, तेव्हा तिनं कागद माझ्यापुढे टाकले आणि आमच्या अहिराणीत विचारलं, "हिले ताप शे का?"

पहिला भाग निघाला त्या हिवाळ्यात चोपड्याहून एक गृहस्थ आमच्याकडे आले. निवृत्त इतिहासशिक्षक, थोडी केळीची बाग, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सुरतेला. पुस्तकात जागोजागी एसटीची तिकिटं खुणेला घातलेली होती. पाणी प्यायले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुमच्या रंगारणीनं वांग्याच्या भरतात हिरव्या मिरच्या ठेचून घातल्यात. त्या काळात मिरची आपल्याकडे नव्हती. ती नंतर आली, समुद्रावरून."

ही चूक खानदेशी माणसाकडूनच व्हायची. पुण्याच्या लेखकानं निदान विचार केला असता. आम्ही मिरची जमिनीसारखी आधीपासून आहे असंच धरून चालतो. मी ओशाळले, पण स्वयंपाकघरातून अक्का बाहेर आली.

"मंग त्या काळना लोके खायेत काय?"

"मिरी. पिंपळी. आलं," सर म्हणाले.

"अन् जगेत बी?"

सरांनी सांगितलं की जगत असत, साम्राज्यंसुद्धा चालवत. अक्काला ते पटलं नाही. माठातल्या मेलेल्या माणसावर मात्र दोघांपैकी कुणाचाच आक्षेप नव्हता.

त्यानंतर सर येत राहिले. कारण पुस्तकाचं असायचं. कापूस कोणता पेरत, दिव्याला तेल कशाचं, किल्ल्याच्या दाराला खिळे किती. मी दोन प्रश्नांत दमायचे, अक्का दमायची नाही. तिचं म्हणणं, इतिहास लिहिणारे सगळे पुरुष होते आणि त्यांनी चुलीपाशी काय चाललंय ते कधी बघितलं नाही. सरांचं म्हणणं, चुलीपाशीचं कुणी लिहून ठेवलं नाही यात इतिहासाचा काय दोष. जाताना सर केळीची फणी ठेवून जात आणि पुढच्या वेळी यायला एखादा मुद्दा अर्धवट ठेवून जात.

मी रहस्यकथा लिहिते, त्यामुळे पुरावे मला दिसतात. आमच्या मसाल्याच्या डब्यात मिरी वरच्या फळीवरून खाली आली. अक्कानं चष्म्याची काडी बदलून घेतली, जी दोन वर्षं दोऱ्यानं बांधलेली होती. पण खरा पुरावा वेगळाच होता. सुरुवातीला ती त्यांना भाऊ म्हणायची. आमच्याकडे त्यात काही नाही, भाजीवाला भाऊ, कंडक्टर भाऊ, आमदारही भाऊच. मग केव्हातरी तिनं ते बंद केलं आणि त्याजागी दुसरं काही आलं नाही. नुसती वाक्यं उरली. "चहा ठेवेल शे." "पंखा लावू का?" हे कुणाला उद्देशून आहे ते भिंतीनं ओळखायचं. बाई पुरुषाला काहीच म्हणेनाशी झाली की प्रकरण पुढे गेलेलं असतं. इतकं बारीक मला माझ्या पुस्तकांतही सुचलं नव्हतं. तिसऱ्या भागात मी ते उचललं आणि वाचकांना आवडलं.

एकदा अक्का मेथी निवडत होती. मी सरळ विचारलं, "तुला त्यांच्याशी लग्न करायचंय का?"

तिनं दोन जुड्या निवडून संपवल्या. मग म्हणाली, "त्यासनी इचारं नही."

म्हणजे करायचं होतं. मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं तिनं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, साधी खुर्चीसुद्धा. आता प्रश्न एवढाच होता की सरांना बोलतं कसं करायचं. ते काम माझ्या हातात होतं, असं मला वाटलं. मी चौथ्या भागाचं प्रकरण लिहायला घेतलं आणि त्यात मुनशीला बोलायला लावलं. अगदी स्पष्ट, तापीच्या घाटावर, भर दुपारी. ते पान मी दोघांनाही वाचायला दिलं आणि वाट बघत बसले.

सरांनी बारीक अक्षरात शेरा मारला की किल्ल्याचा नोकर भर दुपारी घाटावर जाऊ शकणार नाही, पहारा बदलायची वेळ असते. अक्का म्हणाली, "तू भलती घाई करी."

हळूहळू पेटणारं प्रेम वाचायला बरं असतं. घरात असलं की लाकडं ओली आहेत की काय असं वाटायला लागतं.

मागच्या हिवाळ्यात सरांचा फोन आला. मुलगा त्यांना संक्रांतीनंतर कायमचं सुरतेला नेणार होता. बाग बटाईनं देऊन झाली होती. जाण्याआधी मळ्यात भरीत करायचं ठरलंय, दोघींनी यायचंच. अक्कानं फोन ठेवला आणि इस्त्री केलेली साडी पुन्हा इस्त्री करायला घेतली. मी तिला म्हटलं, तूच विचार. ती म्हणाली, बाईनं विचारायचं का. मी म्हटलं, माझी रंगारीण सुलतानाला विचारते, हा माणूस का मारला म्हणून. अक्का म्हणाली, "तिनाकडे माठ शे."

मळ्यात आम्ही पोचलो तेव्हा बांधावर कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ झाला होता आणि वांगी भाजून निघत होती. भाजलेली वांगी सोलून लाकडी बडगीत घालतात आणि काठीनं ठेचतात. ते काम पुरुषांचं. शेजारचे दोन शेतकरी ठेचायला बसले होते. सरांचा मुलगा, सून, आणखी चारदोन माणसं. मिरच्या, लसूण, कांद्याची पात, सगळं तयार. मिरच्या पडायच्या आधी अक्का पुढे झाली, एका वाटीत थोडं वांगं बाजूला काढलं आणि पिशवीतून आणलेली मिरी-पिंपळीची पूड त्यात कालवली.

काठी थांबली. एका शेतकऱ्यानं काळजीनं विचारलं, "कोनले पथ्य शे का, अक्का?"

"नही," अक्का म्हणाली. "इतिहास शे."

ती वाटी तिनं सरांपुढे ठेवली. तीन वर्षं जे भरीत ते आम्हाला तोंडी सांगत आले होते ते त्यांनी पहिल्यांदा खाल्लं. भाकरीचे दोन घास झाल्यावर मान खाली घालून म्हणाले, "पुस्तकात बरं वाटतं हे." सगळे हसले, सरही. मग मुलगा, चांगला मुलगा आहे, बापाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की सुरतेला खोली तयार आहे, खिडकी पूर्वेला आहे, पुस्तकांसाठी कपाटही केलंय.

"अहो," अक्का म्हणाली.

ते कुणाला उद्देशून आहे हे त्या मळ्यात सगळ्यांना कळलं.

"सुरतले जाऊ नका. पुढला भाग मी एकटी वाचाव नही."

सरांनी हात धुतला. बराच वेळ धुतला. आमच्याशी ते नेहमी पुस्तकी मराठी बोलत, ती त्यांची सुटली. "मंग कोठे ऱ्हाऊ?"

"आठेच. मी येस ऱ्हावाले." तिनं मळ्याच्या मातीकडे बोट केलं.

मुलानं माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "कोणतं पुस्तक?" सून म्हणाली, आधी जेवून घ्या, गार होतंय. आणि सगळे जेवायला बसले.

मी जेवले नाही. मी गणितच चुकीचं मांडलं होतं. अक्काचं लग्न व्हावं असं मला मनापासून वाटत होतं आणि लग्न झाल्यावर सर आमच्याकडे धुळ्याला राहायला येतील, पुढची खोली त्यांना देऊ, असं मी कुणाला न विचारता धरून चालले होते. ती चोपड्याला जाईल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. सगळे पुरावे माझ्यासमोर होते. केळीची बाग काही बसमधून आणता येत नाही.

लग्न नोंदणीनं झालं. ती निघाली तेव्हा मी फाटकाशी उभी राहून तिला मोबाईलचा चार्जर घेतलास का एवढंच विचारलं. तिनं घेतला होता. मग मी घरात आले आणि तिच्या कॉटवर बसून रडले.

आता ती रोज फोन करते. मागे सर कुठलातरी सनावळीचा मुद्दा काढत असतात. अक्का विचारते, मुनशी बोलला का. प्रकाशकही तेच विचारतो. मी सांगते, पहारा बदलायची वेळ नीट बसवतेय. खरं कारण दुसरं आहे. मुनशी बोलला की रंगारीण त्याच्या गावाला जाणार. तिच्या घरी एक धाकटी बहीण आहे. पहिल्या भागापासून ती माठात पाणी भरते, आणि तीन भागांत मी तिला एकही वाक्य दिलेलं नाही. आता तिनं ओसरीवर येऊन "जा" म्हणायचं आहे. रोज सकाळी मी तिला दारापर्यंत आणते. ती माठ घेतलास का असलंच काहीतरी विचारते, आणि मी ते खोडून पुन्हा सुरुवात करते.