सेलमधले बूट आणि मूठभर चिन्नोर

सेलमधली वस्तू खराब निघाली तर कंपनी कधी परत घेते, कधी घेत नाही. तिच्यासोबत आलेला किस्सा मात्र कोणीच परत घेत नाही. तो घरातच साचतो. आमच्या आंधळगावच्या घरात आता ठेवायला जागा नाही!

मी सेकंड इयरला कॉलेज सोडलं, तेव्हापासून कस्टमर केअर माझ्या गळ्यात. ऑर्डर मोठ्यांनी करायची, मला न विचारता. फोन मी लावायचा. वर "रिकामाच तं आहेस" हेही मीच ऐकायचं.

*

आईचा मिक्सर पहिल्याच दिवशी जळका वास मारू लागला. रिटर्न टाकला, पिकअपवाला घेऊन गेला. काही दिवसांनी मिक्सर जसाच्या तसा घरी! कारण: वापरलेला माल, भांड्यात तांदूळ.

"आई, तांदूळ काहून टाकले?"

"मंग? कोणाचं भांडं रिकामं परत करतेत का?" मग झाकण उघडून बघत म्हणाली, "घरचा वासाचा चिन्नोर होता रे. पसंत नाही पडला का त्याहिले?"

*

मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, तहसीलमधून रिटायर. त्यांनी मागवलेला टॉर्च फक्त दिवसा पेटायचा. मी फोन लावला, तो त्यांनी हिसकावला. टॉर्च राहिला बाजूला.

"मॅडम, आमचा पुतण्या कॉलेज सोडून घरी बसला आहे. तुमच्याकडे लावून घ्या."

तिकडून पोरगी म्हणाली, "सर, मीपण कॉलेज सोडूनच इथे बसले आहे."

मोठेबाबांनी फोन माझ्या हातात दिला. "घे. तूच बोल."

*

माझी लहान बहीण मीनल पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज पहाटे तलावाच्या पाळीवर धावायची. ग्राउंड, म्हणजे भरतीची धावण्याची परीक्षा, तोंडावर आलं तेव्हा बाबांनी सेलमधून बूट मागवले. तिसऱ्याच फेरीला बुटाचा तळवा जीभ काढून बाहेर!

मी बदलून मागितले. पिकअपवाला यायच्या आत बाबांनी बूट धुतले, चिकटवले, वरून दोऱ्याने शिवलेसुद्धा.

"फाटका बूट दुसऱ्याच्या हातात देतेत का? लोकं काय म्हणतीन!"

पिकअपवाल्याने बूट उलटेपालटे करून पाहिले. "काका, हे तं चांगले आहेत." रिटर्न कॅन्सल.

मी म्हटलं, "बाबा, भरती तिची आहे का तुमच्या इज्जतीची?"

"शिकला असता तं समजलं असतं."

*

मग बाबांनी सगळी शिवण उसवली. मी फोटो पाठवला. उत्तर आलं: ग्राहकाने वस्तूशी छेडछाड केली आहे.

आयुष्यात पहिल्यांदा मला कंपनीचं म्हणणं पटलं!

*

भंडाऱ्याच्या ग्राउंडवर मीनल त्याच बुटांत उतरली. बाबांनी ते पुन्हा शिवून दिले होते. पहिल्याच वळणावर तळवा गेला. तिने दोन्ही बूट काढून फेकले आणि अनवाणी पळाली. गेटबाहेर बाबा माझं मनगट धरून उभे होते.

यादीत तिचं नाव आलं त्या संध्याकाळी बाबांनी माझा मोबाइल मागून घेतला आणि एका बोटाने बराच वेळ टाइप करत बसले. नंतर मी पाहिलं. बुटांच्या फोटोखाली त्यांचा रिव्ह्यू होता:

"तळवा पहिल्याच वळणाले निघाला. पोरगी अनवाणी पळाली. पास झाली. पाच स्टार."