लायसनचे फोटो

नांदेडात माझा फोटो स्टुडिओ ज्या गल्लीच्या तोंडाशी आहे, तिचं नाव भले लोक घेत नाहीत. फोटो काढायला मात्र येतात, कारण मी स्वस्त आहे. त्या सकाळी शटर वर करतो न करतो तोच हलगी वाजली आणि तारामती अक्का पेढ्यांचा डबा घेऊन दारात उभी. मागे अख्खी गल्ली, गजरे माळून. एकीने तर शालूच नेसला होता.

"विनोद, आमच्या धंद्याला लायसन मंजूर झालं. समद्यांचे पासपोट काढ. पयला नंबर माझा."

झालं होतं असं, की आदल्या दिवशी एका सभेत कुणी बाई बोलल्या: या धंद्याला कायद्याची मान्यता द्या, म्हणजे हप्ता बंद, मारहाण बंद, दवाखान्यात तोंड लपवणं बंद. टाळ्या इतक्या पडल्या की बायांनी ते मंजूरच धरलं. आमच्याकडे स्टेजवर नारळ फुटला की पूल झाला म्हणतात, तशातली गत. मी समजवायला गेलो, तर तोंडात पेढा कोंबला.

अक्का मूळची कंधारची. कापडाच्या दुकानात कामाला लावते म्हणून गावातल्याच एका बाईने आणली आणि या गल्लीत सोडून गेली. आता धंदा सुटला, ती गल्लीला डबे पुरवते. भाजी अशी जाळ, की माणूस रडत जेवतो आणि रडतच पुन्हा वाढ म्हणतो.

"अक्का, तू तर रिटायर. तुला कशाला लायसन?"

"जलमभर बिनलायसनची गाडी हाकली. आता तरी कागद नको का?"

हसून हसून बायांची पावडर ओघळली. शालूवालीला मागे ताजमहालाचा पडदा पाहिजे होता. सरकारला पांढराच लागतो म्हणालो, तर म्हणे, "सरकारला ताजमहाल आवडत न्हाई का?" माझं डोकं उठलं होतं, पण खरं सांगतो, इतकी मजा दुकानात कधी आली नव्हती.

तेवढ्यात दीपमाला आली. अक्काच्या वारलेल्या बहिणीची पोर, इस्लापूरची. अक्काने तिला गल्लीपासून लांब, हॉस्टेलात ठेवून शिकवलं. आता एकोणीस वर्षांची, साडीच्या दुकानात कामाला. ती सरळ स्टुलावर बसली आणि ओढणी नीट केली.

"माझेबी काढा, विनोदमामा. लायसनला."

हलगी थांबली.

"तुला कशाला?" अक्का म्हणाली.

"दिवसभर उभी राहून पाय सुजून राहिले, मावशी. वरून मालक नको तिथं हात लावतो. इथं तर आता पोलीसच राखण करणार म्हणता. मग वाईट काय?"

ती चेष्टा करत नव्हती. मला भीती वाटली ती त्याचीच. बोट मात्र सवयीने बटणावर गेलं, आणि त्याच क्षणी अक्काचा हात मध्ये आला. फोटोत नुसता तळवा आहे, हळदीने पिवळा, आणि मागे अर्धी वेणी.

"ऊठ."

"पण पेढे तूच वाटून राहिली ना?"

"हाव. मला पायजे लायसन. ह्या समद्या रोज मार खातेत, ह्यांना पायजे. तुला न्हाई."

"का?"

अक्काने पिवळा हात पदराला पुसला. मग म्हणाली, "मला फसवून आणलं गं. तुला काय पेढे वाटून आणू?"

पोर रडली, मग सगळ्याच रडल्या, आणि उरलेले पेढे रडत रडत संपवले. दुपारी अक्का साडीच्या दुकानात गेली. मालकाची तिने काय पूजा बांधली, ते अख्ख्या बाजाराने ऐकलं. आता दीपमालाला बसायला स्टूल आहे, आणि तिच्याशी बोलताना मालक हात पाठीमागे बांधतो.

लायसन काही आलेलं नाही. अक्काचे फोटो माझ्याकडे पाकिटात पडून आहेत. डबा द्यायला आली की ती हमखास विचारते, "आलं का रे लायसन?" नाही म्हटलं की शिव्या घालते. जाताना मात्र दारातून परत वळते आणि हळूच म्हणते, "आलं तर आदी मला सांग. पोरीला सांगू नको."