उषाबाईंचे डबे आणि शेठच्या पाट्या

बमरोलीहून हजीऱ्याला जाणाऱ्या शेठच्या बसमध्ये एकोणतीस पाट्या होत्या. हा आकडा उषाबाईंचा. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मोजता चांगलं येत होतं, आणि रोज सव्वा तास त्या बसमध्ये मोजण्यासारखं दुसरं काही नव्हतं. खिडक्या बारा, त्यातल्या उघडणाऱ्या चार. पाट्या एकोणतीस.

उषाबाई मूळच्या पारोळ्याकडच्या. नवऱ्याबरोबर सुरतेला आल्या, सहा वर्षं लूमच्या शेडमध्ये बॉबिन भरण्याचं काम केलं, आणि नवरा गेल्यावर घरीच खानावळ काढली. इच्छापोरच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागलेले अठरा खान्देशी लोक त्यांच्या हातचं खात. कळण्याची भाकरी, शेवभाजी, ठेचा. साडेबाराला जेवणाची घंटा होई. त्याआधी डब्यांचं टोपलं फाटकात पोचायला हवं. तीन वर्षं ते पोचत होतं.

मग शेठला बस सुधारायची हुक्की आली. तो एकदा भावाला सोडायला मुंबईच्या विमानतळावर गेला होता, तिथल्या पाट्या आणि घोषणा पाहून-ऐकून त्याचं डोकं फिरलं. फाटकी सीटं बदलायला खर्च येतो, रंगाला येत नाही. त्याने पेंटर बोलावला.

इच्छापोरच्या शाळेत शिकवणाऱ्या शैलजाबाई त्याच बसने जात. उषाबाई बोट दाखवत आणि त्या वाचून सांगत.

"हे काय लिहेल शे, बाई?"

"खिडकीतून हात बाहेर काढू नये."

"ही तर उघडतच नही. आनि ते लाल?"

"संकटकाळी काच फोडा."

"बरं शे. त्याच्या खाली?"

"काच फोडणाऱ्याला पोलिसांच्या ताब्यात देण्यात येईल."

उषाबाईंनी टोपल्यावरचं फडकं नीट केलं. "म्हनजे मरायचं तं बसल्या जागी मरायचं. शेठ मोठा हुशार."

पाट्यांवर भागलं असतं तरी चाललं असतं. पण शेठने घोषणाही आणल्या. त्याने एका रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्याने आपली मोटार हजीऱ्यापर्यंत दामटली, थांब्यांच्या वेळा घड्याळात धरल्या आणि घरी येऊन सुनेकडून त्या वेळांप्रमाणे एका कॅसेटमध्ये थांब्यांची नावं बोलून घेतली. मध्येच तिच्या कुकरच्या दोन शिट्याही ऐकू येत. बस निघाली की ड्रायव्हर बटण दाबी आणि कॅसेट शेठच्या मोटारीच्या वेगाने हजीऱ्याला निघे. बस मागून रखडत येई. नदीच्या पुलावर बैलगाड्यांच्या मागे अडकलेली असताना कॅसेट मंजूळ आवाजात सांगे, "इच्छापोर आलं आहे. इच्छापोरच्या प्रवाशांनी उतरावं." परतीच्या फेरीलाही हीच कॅसेट लागे, कारण दुसरी केलीच नव्हती, त्यामुळे माणसं घरी निघालेली असत आणि सून त्यांना हजीऱ्याला नेत असे.

पहिल्या दिवशी उषाबाई फसल्या. बाईमाणूस सांगतेय म्हणजे काहीतरी खरं असेल, असं समजून टोपलं डोक्यावर घेऊन पुलाच्या टोकाला उतरल्या. वाळूच्या टेम्पोने पुढे पोचल्या तेव्हा सव्वा वाजून गेला होता.

दुसऱ्या खेपेला दार आडवं आलं. पेंटरला शेठने दारांसाठी एकच कागद दिला होता, त्याने तो इमानदारीने दोन्ही दारांवर उतरवला. पुढच्या दारावर 'फक्त उतरण्यासाठी', मागच्या दारावर 'फक्त उतरण्यासाठी'. त्याच आठवड्यात शेठचा सफारी घातलेला माणूस प्रवासी बनून तपासणीला बसू लागला, आणि तो बसे बायकांसाठी राखलेल्या सीटवर. त्याला घाबरून कंडक्टर वाल्मिक लोकांना ड्रायव्हरच्या दारातून आत घेऊ लागला. माणसं स्टिअरिंगवरून, गिअरवरून ढांगा टाकत आत येत. अठरा डब्यांचं टोपलं तिथून येईना. बस उषाबाईंना तिथेच टाकून गेली.

वाल्मिक काही परका नव्हता. दोंडाईच्याचा, चाळिशीचा, मुलाबाळांचा माणूस. त्या संध्याकाळी उषाबाईंनी त्याला चाळीत गाठलं.

"का रे भाऊ, तू पारोळ्याच्या बाईला सोडून गेलास?"

"मावशी, नियम म्हणजे नियम. मारे नोकरी करवी छे."

"घरात तरी गुजराती नको फाडू. दोन्ही दारं उतरायची, तं तुझा शेठ चढतो कुठून?"

"शेठ बसने कुठे जातो?" वाल्मिक म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून इकडेतिकडे पाहू लागला.

कारखान्यातल्या त्या अठरा लोकांचा मुकादम योगराज फाटकात उभा राहून बोलला ते याहून वाईट होतं. "मावशी, दोनदा झालं. लोक उपाशी मशीनवर गेले. आता कंत्राटदार म्हणतो, मेव्हण्याचं कँटीन आहे, तिथेच खाऊ घाला. मी एक संधी मागून घेतली आहे. गुरुवारी उशीर झाला तर मला काही बोलता येणार नाही."

गुरुवारी उषाबाई पाऊण तास आधी शेठच्या आवारात जाऊन बसल्या. बस तिथे धुवायला उभी असे आणि धुणाऱ्यांना कुठली दारं कशासाठी आहेत याची पर्वा नव्हती. टोपलं आधीच आत, ड्रायव्हरच्या मागच्या बाकाखाली. वाल्मिकने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तेवढी लाज त्याला होती.

सफारीवाला उधन्याला चढला, गिअरवरून ढांग टाकून, आणि येऊन बायकांच्या सीटवर बसला. शैलजाबाई उभ्याच राहिल्या.

पूल आला. गाड्या तुंबल्या. बारा वाजून पाच मिनिटं. कॅसेट म्हणाली, "इच्छापोर आलं आहे."

सफारीवाल्याने वाल्मिककडे पाहिलं. वाल्मिकने वरची पाटी वाचून दाखवली: घोषणा झालेल्या थांब्यावरच उतरावं, नंतर बस थांबणार नाही.

"इच्छापोरवाले उतरा."

"कुठे उतरू?" उषाबाई म्हणाल्या. "खाली नदी शे."

मागून कुणीतरी म्हणालं, "उतरा मावशी, शेठने इच्छापोर इथे आणून ठेवलंय, तुमचे पाय वाचवले."

"माझं तिकीट इच्छापोरचं आहे," शैलजाबाई सफारीवाल्याला म्हणाल्या. "मी इच्छापोरलाच उतरणार."

"मॅडम, घोषणा झाली आहे."

"घोषणेत कुकरही वाजला. मग जेवायला वाढा."

बस हसली. सफारीवाला हसला नाही. त्याने वाल्मिकला बजावलं की आता हजीऱ्याशिवाय थांबायचं नाही, आणि वही काढून काहीतरी लिहू लागला. हजीऱ्याला जाऊन उलट यायचं म्हणजे एक वाजणार. उषाबाईंनी बाकाखाली हात घालून टोपल्याची कड धरून ठेवली. अठरा माणसं जेवणार होती, ती मेव्हण्याच्या कँटीनमध्ये.

गाड्या सुटल्या, बस पाल गाव ओलांडून धावू लागली. उषाबाई ड्रायव्हरला हाक मारायला पुढे झुकल्या, तर वाल्मिकने तोंडावर बोट ठेवून पाटी दाखवली: चालकाशी बोलू नये.

आता हा चालक म्हणजे उखा. बारा वर्षं लूमवर काढून त्याचे कान गेले होते. शेठला ते माहीत नव्हतं, कारण शेठ कधी कुणाचं उत्तर ऐकायला थांबलाच नव्हता. उखाने ती कॅसेट आजवर ऐकलीच नव्हती, नुसतं बटण दाबलं होतं. आणि लूमच्या शेडमध्ये कान असून उपयोग नसतोच. तिथे शंभर मशीनांच्या खडखडाटात माणसं हातांनी बोलतात: पाणी आण, बॉबिन संपली, मुकादम येतोय. उषाबाई सहा वर्षं तेच बोलल्या होत्या, आणि उखा लूमवरून आलेला हे त्यांना ठाऊक होतं.

कारखान्याची चिमणी दिसली तशा त्या उठून ड्रायव्हरच्या आरशासमोर उभ्या राहिल्या. तोंड घट्ट मिटलेलं. उखाची नजर आरशात आली तेव्हा त्यांनी दोन तर्जन्या टोकाला टोक लावून धरल्या आणि झटक्यात वेगळ्या केल्या. धागा तुटला, मशीन बंद कर.

तुटल्या धाग्यावर मशीन चालू ठेवणारा कारागीर अजून जन्मायचा होता. उखाचा पाय विचार न करता ब्रेकवर गेला. बस फाटकासमोर थांबली, सफारीवाल्याची वही पुढच्या बाकाखाली गेली.

"कुणी बोललं चालकाशी?" तो ओरडला.

"कुणी नाही," वाल्मिक म्हणाला. "मी पाहत होतो."

दार उतरण्यासाठीच होतं, त्यामुळे उतरताना कुणाला काही म्हणता आलं नाही. वाल्मिकने टोपल्याला एक हात लावला. बारा वाजून चोवीस मिनिटं झाली होती. योगराज फाटकात घड्याळ धरून उभा होता.

पुढच्या सोमवारी बसमध्ये तिसावी पाटी आली. प्रवाशांनी हातवारे करू नयेत. ती ड्रायव्हरच्या पाठीमागे लावली होती, आरशात उलटी दिसेल अशी. शैलजाबाईंनी ती वाचून दाखवली. उषाबाईंनी ऐकलं आणि आकड्यात एक मिळवला.

फाटकात योगराजने विचारलं, "मावशी, आज काय नवीन लिहिलंय म्हणे?"

"लिहू दे. तू डबे उतरव, भाकरी गार होते."