ऑइलच्या पाइपाला गुंडाळलेली टेप

अमरावतीत माझं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. भातकुलीपासून अंजनगावपर्यंतचे शेतकरी माझ्याकडून पाइप, कॉक, नळ्या घेऊन जातात आणि एखादा जोड गळला की मलाच शिव्या घालतात. त्यामुळे पाइपातलं आपल्याला कळतं, असा माझा पक्का समज होता. अशा माणसाला कोणी शिकवायला लागलं की त्याचं डोकं फिरतं, आणि माझं तर जरा लवकरच फिरतं.

शिकवायला आली ती माझीच पोरगी. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. कॉलेजची पोरं मिळून एका माणसापुरती छोटी रेस गाडी बनवत होती, अपघातात गेलेल्या मोटारसायकलचं इंजिन लावून. इंजिन फार तापायचं, म्हणून ऑइल थंड करायला बाजूला एक छोटा कूलर बसवायचा होता. इंजिनातून कूलरकडे जाणारा एक पाइप आणि कूलरकडून इंजिनात परत येणारा एक. हे दोन पाइप आणि त्यांची चार टोकं, एवढं काम तिच्याकडे. स्पर्धा परराज्यात होती, मोजकीच पोरं जाणार होती, आणि सरांचा नियम साधा होता: ज्याचं काम चाचणीत टिकेल, तो जाईल. सगळ्या पोरांत ही एकटी पोरगी. तिला जायचंच होतं. सहा महिने घरात दुसरा विषय नव्हता.

मी दुकानातले चांगल्यातले पाइप काढून तिच्यापुढे टाकले.

"हे नाही चालत, बाबा."

"काहून नाही चालत? विहिरीवरच्या मोटरचं प्रेशर सहन करते हा."

"प्रेशरचं नाही म्हणून राहिली मी. ऑइल उकळत्या पाण्याहून गरम होते. हा नरम पडन आन् क्लिपातून निसटन."

मला राग आला. इतकी वर्षं जो पाइप विकून हिची फी भरली, तो पाइप हिला नरम वाटतो. पण दुसऱ्या दिवशी मीच तिला घेऊन अकोल्याला गेलो. तिथे एमआयडीसीत ट्रॅक्टर-जेसीबीचे पाइप बनवून देणारा माझ्या ओळखीचा एक कारागीर आहे. त्याने मनगटाएवढा जाड पाइप काढला आणि म्हणाला, हत्तीनं ओढला तरी तुटणार नाही. पोरीने पिशवीतून एक वाकवलेली तार काढली. गाडीत पाइप कुठून कसा जाणार, तसाच्या तसा आकार तिने त्या तारेला दिला होता. "काका, इथं सायलेन्सर आहे, इथं चार बोटांत वळायचं आहे. तुमचा पाइप वळन तरी काय?" तासभर दोघांची हुज्जत चालली. शेवटी वरून स्टीलच्या तारांची जाळी विणलेला बारीक पाइप ठरला. एका टोकाला सरळ फिटिंग, दुसऱ्याला काटकोनातली, म्हणजे वळणावर पाइप चिमटणार नाही. पाइप कापल्यावर तिने तो हवेने आतून साफ करून घेतला आणि टोकांना प्लास्टिकची टोपणं लावली. कारागीर मला म्हणाला, "पोरीले समजते, भाऊ." मला बरं वाटलं आणि थोडं टोचलंही.

परत येताना एसटीत तिने मला एक फिटिंग हातात घेऊन समजावलं. आत उतरतं तोंड असतं, ते समोरच्या खळग्यात घट्ट बसतं, गळती तिथेच थांबते. आटे फक्त ओढून धरायला. "म्हणून याले टेप लावत नाही, बाबा." मी हो म्हणालो. पण पाणी गळू नये म्हणून आम्ही प्रत्येक आट्याला पातळ पांढरी टेप गुंडाळतो; आट्याला टेप नाही, हे माझ्या डोक्यात शिरणारं नव्हतंच.

चाचणीच्या दिवशी मी डबा घेऊन कॉलेजच्या मैदानावर गेलो. गाडी सुरू करून बंद केली होती, पोरं जेवायला निघाली होती. इंजिनात परत येणाऱ्या पाइपाच्या टोकाशी ऑइलचा एक थेंब दिसत होता. पोरगी म्हणाली, "थोडं कसावं लागन. मापाचा पाना वर्कशॉपात आहे, आणते. तुमी हात नका लावू." बाहेरच्या कोणी गाडीला हात लावायचा नाही, असाही नियम होता.

ती गेली. मी आणि तो थेंब. माझ्या शर्टाच्या खिशात टेप कायम असते, दुसऱ्यांच्या खिशात पेन असतो तशी. शेजारी पडलेल्या पकडीने मी फिटिंग सोडली, पुसली, आट्यांवर अगदी तोंडापर्यंत सहा वेढे घेतले आणि कसून बसवली. दोन मिनिटांचं काम. थेंब थांबला. ती परत आली तर म्हणालो, "कसून टाकला मी थोडा." ती आधी चिडली, मग तिने खाली वाकून बघितलं आणि ती हसली. मला आजही ते हसू आठवलं की जेवण जात नाही.

गाडीने चार फेऱ्या छान मारल्या. पाचव्या फेरीत इंजिन कचकन जाम झालं. संध्याकाळी वर्कशॉपात ते खोललं, तेव्हा ऑइलच्या बारीक छिद्रात पांढऱ्या टेपचा तुकडा अडकलेला होता. ऑइल पुढे गेलंच नव्हतं. सरांनी तो चिमट्याने धरून विचारलं, "ही कोणी लावली?"

पोरीने माझ्याकडे एकदा पाहिलं. म्हणाली, "मी लावली, सर."

मी तिथेच उभा होतो, दारापाशी. गिऱ्हाइकाशी दिवसभर भांडणारा मी. खिशातली टेप दिसू नये म्हणून हात छातीशी धरून राहिलो. तिचं नाव फळ्यावरच्या यादीतून पुसलं गेलं, तेही मी पाहिलं. घरी येताना माझ्या स्कूटरवर मागे बसून ती एवढंच म्हणाली, "जाऊ द्या, बाबा. थे पोट्टे तुमाले हसले असते."

रात्र कशी काढली ते माझं मला माहीत. सकाळी तिला न सांगता सरांकडे गेलो. तरुण माणूस, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मी हात जोडले आणि सगळं सांगितलं. टेप माझी, हात माझा, तिने नको म्हटलं होतं. तिला घेऊन जा, पाहिजे तर मला पोरांपुढे उभं करा.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग खुर्ची पुढे ओढली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, तिने कालच फोन करून सांगितलं होतं. उद्या बाबा येतील, सगळं स्वतःवर घेतील, त्यांचं ऐकू नका म्हणाली."

मी म्हटलं, अहो खरंच मीच लावली. शपथ घेतली. सहा वेढे घेतले हेही सांगितलं. आवाज चढला माझा. त्यांनी मला पाणी दिलं.

"असे वडील सगळ्यांच्या नशिबात नसतात," सर म्हणाले, आणि मला फाटकापर्यंत सोडायला आले.